वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय? पावसात, धुळीत आणि घाटात टिकणारं गॅजेट निवडताना

मे संपत आला की मला हमखास चार-पाच जणांचे फोन येतात. दादा यंदा पावसाळ्यात सगळे वीकेंड बाहेर काढायचेत, वॉटरप्रूफ मोबाइल कुठला घेऊ, कुणाला बाईकला लावायला जीपीएस हवा असतो, कुणाला ट्रेकसाठी हेडलॅम्प, आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, बॉक्सवर आयपी६८ लिहिलंय म्हणजे बिनधास्त ना? त्या बिनधास्त शब्दासाठीच हे एवढं सगळं लिहितोय, कारण आयपी६८ लिहिलेला फोन मी स्वतः गमावलाय, आणि तो नदीत पडला नव्हता की धबधब्याखाली नेला नव्हता, ताम्हिणी घाटात नुसता बाईकच्या हँडलला लावलेला होता.

जून महिना होता. मुळशीपर्यंत कडक ऊन, फोनवर मॅप चालू, ब्राइटनेस फुल, वर चार्जिंगची वायर जोडलेली, म्हणजे चहाला थांबलो तेव्हा फोन हातात धरवत नव्हता इतका तापलेला. पुढे घाटात शिरलो आणि पाचच मिनिटांत धुकं, गार वारा आणि धो धो पाऊस. प्लस व्हॅलीच्या पुढे स्क्रीन आपोआपच उघडझाप करायला लागला, मॅप झूम व्हायला लागला, कॅमेऱ्याच्या काचेच्या आतल्या बाजूने वाफ धरलेली दिसली, आणि माणगावला पोचेपर्यंत फोन बंद पडला तो पडलाच. सर्व्हिस सेंटरवाल्याने सिमचा ट्रे काढून आतली पांढरी खूण लाल झालेली दाखवली आणि सांगितलं, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं अहो वॉटरप्रूफ म्हणून तर घेतला. तो म्हणाला, सर वॉरंटी कार्ड वाचा. वाचलं, आणि खरंच लिहिलेलं होतं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला, ते जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आधी ते आकडे. आयपीच्या पुढचे दोन आकडे सदुसष्ट, अडुसष्ट असे एकत्र वाचायचेच नाहीत, वेगवेगळे वाचायचे. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयईसी ६०५२९ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात प्रत्येक आकड्यासाठी कुठली परीक्षा घ्यायची हे ठरवून दिलंय. धुळीचा आकडा ० ते ६. वस्तू एका पेटीत ठेवतात आणि आत टाल्कम पावडर उडवत ठेवतात. ५ मिळाले म्हणजे थोडी पावडर आत गेली पण काम बिघडेल इतकी नाही, ६ मिळाले म्हणजे आत अजिबात गेली नाही. आकड्याच्या जागी एक्स असेल, म्हणजे आयपीएक्स४ वगैरे, तर त्याचा अर्थ शून्य असा नाही, त्या विषयाचा निकालच दिलेला नाही असा आहे. ब्लूटूथ स्पीकर, हेडलॅम्प यांच्यावर हा एक्स खूप दिसतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या तांबड्या मातीच्या रस्त्याने गाडी नेणाऱ्यांनी तो नीट बघावा, कारण ती माती पिठासारखी असते आणि जिथे फट दिसेल तिथे बसते.

पाण्याच्या आकड्यात खरी मेख आहे. ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालेल. ५ आणि ६ म्हणजे पाइपाने फवारा मारलेला, ५ ला मिनिटाला साडेबारा लिटर आणि ६ ला मिनिटाला १०० लिटर, अडीच-तीन मीटर अंतरावरून. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलेलं. ८ म्हणजे सातपेक्षा कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी ठरवते, म्हणून आयफोन १२ पासून पुढच्या आयफोनच्या आयपी६८ चा अर्थ सहा मीटर अर्धा तास आणि सॅमसंगच्या एस सिरीजच्या आयपी६८ चा अर्थ दीड मीटर अर्धा तास, छाप मात्र दोघांवर एकच. ९ म्हणजे ८० डिग्रीचं गरम पाणी, ८० ते १०० बार दाबाने, अगदी वीतभर अंतरावरून. हा शेवटचा प्रकार मुळात जर्मनीत गाड्यांच्या भागांसाठी आला, जे प्रेशर वॉशरने धुतले जातात त्यांच्यासाठी, तिथे त्याला आयपी६९के म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार कधी सांगत नाही आणि त्यालाही बहुतेक माहीत नसतं. सहापर्यंतचे आकडे चढत्या पायरीचे आहेत, म्हणजे ६ पास झालेलं ४ आणि ५ पण पास धरायचं, पण ७ आणि ८ ही वेगळीच परीक्षा आहे. बुडवून ठेवलेल्या वस्तूवर फवारा मारून बघितलेलाच नसतो! संथ पाण्यात अर्धा तास तग धरणारी वस्तू पाण्याच्या जोरदार माऱ्याला तग धरेलच असं मानक म्हणत नाही. म्हणून नीट काम करणाऱ्या कंपन्या दोन्ही लिहितात, आयपी६६ आणि आयपी६८, किंवा हल्ली आयपी६९ सुद्धा. ऑपोने २०२४ मध्ये एफ२७ प्रो प्लस आणला त्यावर तिन्ही छाप होते, आणि तो काही फार महागातला फोन नव्हता, म्हणजे ही सोय आता मधल्या किमतीतही मिळते. बाईकवाल्यांनो, तुम्हाला ६६ लागतो. नुसता ६८ नाही.

का ते बघा. पावसाचा मोठा थेंब फार तर सेकंदाला नऊ मीटर वेगाने पडतो. तुम्ही साठच्या स्पीडने चाललाय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर, तर तो थेंब आता वरून पडत नाही, समोरून येऊन आदळतो, आणि त्या एका टिंबावर क्षणभर जो दाब येतो तो एक मीटर पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. असे हजारो थेंब दोन तास एकाच जागेवर, बरोबर चार्जिंगच्या भोकावर आणि स्पीकरच्या जाळीवर. त्यात घाटात वरून एसटी गेली की तिच्या चाकाचं गढूळ पाणी अंगावर, त्यात माती आणि डिझेलचा तेलकटपणा. बादलीतल्या स्वच्छ पाण्याशी याची तुलनाच नाही.

आणि माझा फोन ज्याने गेला ते अजून वेगळं. मानकातच लिहिलंय की बुडवण्याच्या परीक्षेत पाण्याचं आणि वस्तूचं तापमान यात पाच डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. माझा फोन असेल पन्नास डिग्रीच्या आसपास, पाऊस पंचवीसचा. फोनच्या आत हवा असते, ती बंदिस्त असते, पन्नासवरून पंचविसावर आली की तिचा दाब साधारण आठ टक्क्यांनी कमी होतो, आणि हे आठ टक्के म्हणजे जवळपास ऐंशी सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतके. म्हणजे फोन पाण्याखाली गेलाच नाही, पण आतून त्याने पाणी ओढून घ्यायचा जोर मात्र पाऊण मीटर खोल बुडवल्याइतका केला. चांगल्या वस्तूंमध्ये यासाठी हवा जाऊ देणारी पण पाणी न जाऊ देणारी बारीक पडद्याची खिडकी ठेवलेली असते, पण ती खिडकीच पाण्याच्या थराने झाकली गेली की हवा यायला जागा राहत नाही, मग सगळा ताण रबराच्या सीलवर, आणि सील कुठे जरा सैल झालेलं असेल तर तिथून पाणी आत. स्टोव्हवरून उतरवलेल्या डब्याला गरम असतानाच झाकण लावलं की गार झाल्यावर ते कसं आत ओढलं जातं, ते घरोघरी बघितलेलं असतं, तेच हे.

त्यामुळे आता मी ऊन-पावसाच्या दिवशी तापलेला फोन कधीच पावसात नेत नाही, आधी सावलीत पाच-दहा मिनिटं निवू देतो, आणि पावसात चार्जिंगची वायर काढून फोन खिशात, मॅपचं काम ब्लूटूथवर कानात सांगितलं तरी भागतं.

सीलचंही वय असतं हे लक्षात ठेवा. परीक्षा नव्या कोऱ्या तुकड्याची होते. दोन वर्षं उन्हात तापलेला, चार वेळा पडलेला, जीन्सच्या खिशात वाकलेला फोन हा त्या अर्थाने वॉटरप्रूफ राहिलेला नसतो. आणि स्क्रीन बदलून घेतला असेल तर तो उघडला गेलाय, गल्लीतल्या दुकानात आतली चिकट गॅस्केट नवीन लावत नाहीत, त्यामुळे असा फोन साधा फोन समजूनच वापरायचा. ज्या गॅजेटला रबराची झडप असते, म्हणजे हँडहेल्ड जीपीएस किंवा अॅक्शन कॅमेरा, त्यात झडपेच्या कडेवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाण्याला वाट मिळते, म्हणून प्रत्येक वेळी बंद करताना कडेवरून कोरडं बोट फिरवायचं, ही सवय लावून घ्या.

समुद्राचं पाणी हा तर वेगळाच शत्रू. आयपीची परीक्षा गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही, साबणाच्या नाही. हर्णे बंदरात माझ्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांच्या बोटीवरच्या जीपीएसचे कनेक्टर मी एकदा जवळून बघितले, प्रत्येक जोडाला ग्रीस भरलेलं आणि वरून रबराची काळी टेप ताणून गुंडाळलेली, वायरला जोडाच्या खाली मुद्दाम झोळ दिलेला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जोडापर्यंत न जाता झोळाच्या टोकाला येऊन टपकतं. यंत्र चांगलं आहे हो काका, मग एवढं कशाला, म्हटलं तर ते म्हणाले, यंत्र खराब होत नाही रे, जोड खराब होतात. हे वाक्य मी जीप-बाईकच्या प्रत्येक कामात वापरतो. किनाऱ्यावरून आलात की झडप बंद आहे ना बघून गॅजेट गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, मीठ वाळू देऊ नका.

आता दुसरा छाप, मिलिटरी ग्रेड. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मानक आहे, पहिलं १९६२ चं, सध्याची एच आवृत्ती २०१९ ची. ऐकायला भारी वाटतं, आणि मानक चांगलंच आहे, पण ती एक परीक्षा नाही, बऱ्याच परीक्षांची यादी आहे, उष्णता, थंडी, धक्का, कंप, खारं धुकं, वाळू, पाऊस अशी, आणि त्यातल्या कुठल्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते. कुणी सरकारी संस्था सर्टिफिकेट देत नाही. दोन परीक्षा घेतल्या तरी बॉक्सवर मिलिटरी ग्रेड छापता येतं. याच मानकाच्या आधीच्या ‘जी’ (G) आवृत्तीतली पडण्याची परीक्षा म्हणजे १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा टाकायचं, सगळ्या बाजू, कडा, कोपरे धरून, पण हे २६ वेळा पाच तुकड्यांत वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकेक फोन पाच-सहा वेळाच पडलेला असू शकतो, आणि तोही काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच प्लायवूडवर. राजगडाच्या पायऱ्या प्लायवूडच्या नाहीत. म्हणून कंपनीच्या साइटवर जाऊन बघा की कुठल्या कुठल्या परीक्षा घेतल्या त्याची यादी दिलीय का. दिली असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे, नुसता शब्द असेल तर सोडून द्या.

रफ वापराचे जे खास जाड फोन मिळतात त्यांच्याबद्दल माझं मत असं की रोज शेतात, साइटवर, बोटीवर काम करणाऱ्याने जरूर घ्यावा, महिन्यातून दोनदा ट्रेकला जाणाऱ्याने घ्यायची गरज नाही. जड असतात, कॅमेरे साधारण, आणि बऱ्याच ब्रँडना सॉफ्टवेअर अपडेट वेळेवर येत नाहीत. सॅमसंगचा एक्सकव्हर७ २०२४ मध्ये भारतात आला, त्यात बॅटरी हाताने काढता येते आणि तरी आयपी६८ आहे, हा मला पटलेला विचार आहे, कारण लांबच्या मोहिमेत जादा बॅटरी खिशात ठेवून बदलणं हे पावसात वायर लावण्यापेक्षा केव्हाही बरं.

बाईकवाल्यांचा अजून एक शत्रू आहे जो दिसत नाही, कंप. महागड्या फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स तरंगती असते, हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून, आणि मोठ्या इंजिनाच्या बाईकचा कंप हँडलमधून थेट तिथे पोचला की ती यंत्रणा बिघडू शकते. अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच हे जाहीर करून सांगितलं होतं. मोठं सिंगल सिलिंडर इंजिन चालवणाऱ्यांनी तर हे गांभीर्याने घ्यावं. कंप शोषणारी रबरी गादी असलेला माउंट घ्या, किंवा मी करतो तसं करा, जुना फोन हँडलला आणि चांगला फोन खिशात. जुन्या फोनला सिम पण लागत नाही, मॅप आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायचा, कारण जीपीएस उपग्रहावर चालतो, मोबाइलच्या टॉवरवर नाही, रेंज गेली तरी निळा ठिपका पुढे सरकतच राहतो. हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं आणि रेंज गेली की वाट चुकली असं समजून घाबरतात.

नुसता जीपीएस घ्यायचा असेल तर दोन फ्रिक्वेन्सीवाला, एल१ आणि एल५, बघा. सह्याद्रीत दोन्ही बाजूंना कातळ असतात, उपग्रहाचा सिग्नल त्यांच्यावर आपटून उशिरा येतो आणि जागा वीस-तीस मीटर इकडे तिकडे दाखवते. एल५ वर ही चूक कमी होते, आणि नाविक ही आपली भारताची उपग्रह यंत्रणाही एल५ वर सिग्नल देते. नाळेतून किंवा घळीतून उतरताना वीस मीटर म्हणजे चुकीच्या कड्यावर जाऊन उभं राहणं.

आणि बटणं! पावसात टचस्क्रीन बोट आणि थेंब यातला फरक ओळखत नाही. लोणावळा-राजमाची वाटेवर आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला तेव्हा ओल्या बोटांनी ओल्या स्क्रीनवर नंबर लावायला किती मिनिटं गेली ते मी विसरणार नाही. त्या दिवशी एकाकडे जुना बटणवाला फोन होता, त्यावरून फोन लागला. ट्रेकच्या ग्रुपमध्ये असा एक साधा फोन, फुल चार्ज, झिपच्या पिशवीत, बंद करून ठेवलेला असावाच, आणि त्यात महत्त्वाचे नंबर भरलेले असावेत.

थंडीबद्दल थोडं, लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी. लिथियम बॅटरी गारठली की तिच्यातली ऊर्जा जात नाही, अडकून बसते, उणे वीसला ती निम्म्याच्या आसपासच देते, उबेला आणली की उरलेली परत मिळते. पण शून्याच्या खाली चार्ज मात्र करू नका, त्याने आत धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते, कधी धोक्याचीही होते. रात्री फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळं स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचं. खार्दुंगला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, म्हणून चिप्सची पाकिटं फुगतात, तसंच एअरटाइट डब्यांचंही होतं, त्यामुळे दाब सोडायचा व्हॉल्व्ह असलेला डबा घ्या. आणि फोटो साठवायला फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क नेऊ नका, तिचं डोकं हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बऱ्याच डिस्कना कंपनीनेच तीन हजार मीटरची मर्यादा दिलेली असते. एसएसडी न्या.

पॉवर बँक घेताना एमएएचच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते ती वाचा. दहा हजारवाली आतल्या ३.७ व्होल्टला दहा हजार असते, बाहेर पाच व्होल्टने देताना काही जातं आणि हातात सहा-साडेसहा हजारच येतात, ही फसवणूक नाही, हिशोबच तसा आहे. फसवणूक आहे ती टॉर्चच्या सेलमध्ये. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच बसतात, आणि बाजारात ९९०० लिहिलेले मिळतात. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, नकली बरेचदा खूप हलका निघतो. असा सेल रात्री साडेनऊला हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत संपला तर काय, याचा विचार घेतानाच करायचा.

टॉर्चवर जो रन टाइम लिहितात तो एफएल१ नावाच्या मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. आणि बीम डिस्टन्स २०० मीटर म्हणजे २०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो, त्यात वाट शोधता येत नाही, म्हणून निम्म्याहून कमीच धरा. पावसाळी धुक्यात तर कपाळावरचा हेडलॅम्प डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो, कारण उजेड डोळ्यांच्या रेषेतच परत येतो. तो काढून कमरेच्या उंचीला हातात धरा, पायाखालचे दगड एकदम दिसायला लागतात. फार छोटी गोष्ट आहे पण तिने मला दोन-तीनदा नीट घरी आणलंय.

जीपवाल्यांचं काम जरा वेगळं. जादा लाइट, कॉम्प्रेसर, डॅशकॅम, वायरलेस सेट असं सगळं बारा व्होल्टवर जोडलेलं असतं आणि नव्वद टक्के त्रास वस्तूचा नसतो, वायरिंगचा असतो, तांडेलकाका म्हणाले तेच. साठ वॅटचा एक लाइट पाच अँपिअर ओढतो, दोन लावले की दहा, त्याला बारीक वायर लावली तर ती तापते. प्रत्येक वायरला फ्यूज हवा आणि तो बॅटरीजवळ हवा, लाइटजवळ नाही, कारण मधे कुठे वायर खरचटून चेसिसला टेकली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुणीच वाचवत नाही. जोड पिळून काळी टेप मारू नका, रबरी सीलचे कनेक्टर येतात ते लावा. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही भर पावसाळ्यातली ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, तिथल्या गाड्या बघायला मिळाल्या तर लाइटपेक्षा वायरी कुठून कशा नेल्यात ते बघा. डॅशकॅम मात्र सुपर कपॅसिटरवालाच घ्या, बॅटरीवाला नको, उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेमागे जी भट्टी होते त्यात लिथियम बॅटरी फुगते.

एक इशारा. अमेरिकेहून येणारा भाऊ, मेहुणा सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारं छोटं यंत्र भेट म्हणून आणायचं म्हणत असेल तर त्याला आजच नाही म्हणून सांगा. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणि अशी यंत्रं बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर प्रवाशांना त्यावरून अडवून ठेवल्याच्या बातम्या आल्यात, गोव्यातल्याही. तिकडच्या डोंगरात जीव वाचवणारी वस्तू आहे ती, पण इकडे आणू नका. त्याऐवजी जाण्याआधी घरी कागदावर वाट, माणसं आणि परतायची वेळ लिहून ठेवा, पायथ्याच्या गावात एका घरी सांगून जा.

खरेदीचा क्रम विचाराल तर पहिले पैसे ड्राय बॅगवर. तोंड तीन वेळा घडी घालून बंद होणारी, साधी, कुठल्याही ट्रेकिंगच्या दुकानात मिळते. मग हेडलॅम्प, मग पॉवर बँक, मग माउंट, आणि फोन सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या चार गोष्टी नीट असतील तर आहे तो फोनही बरीच वर्षं जातो. आणि नवीन पाऊच किंवा बॅग आणली की फोन घालून परीक्षा घेऊ नका, आत टिश्यू पेपर घाला, वर छोटा वरवंटा ठेवून बादलीत अर्धा तास बुडवा, मग काढून बाहेरून पुसा आणि उघडा. टिश्यूच्या कोपऱ्याला जरी ओलाव्याचा डाग दिसला तरी ती परत करा. मी आणलेल्या शेवटच्या तीन पाऊचपैकी एक असंच परत केलंय, शिवणीच्या टोकाला नखाएवढा डाग होता.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे लगेच चार्जिंगला न लावणं. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पिना गंजतात, हिरवट काळा थर धरतो आणि मग वायर हलवून हलवून चार्ज करायची वेळ येते. तांदळात पण पुरू नका, अॅपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनेत नाही म्हणून सांगितलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, कापडाने पुसा, सगळ्या झडपा उघड्या ठेवून पंख्याखाली ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यातून साठवून ठेवल्या असतील तर एका घट्ट डब्यात त्या आणि गॅजेट, रात्रभर. चार्जिंग सकाळी.